पर्सेफनीला कुणी विचारलं होतं का?

पत्राचा सारांश: एका मोठ्या गृहसंकुलाच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी मुलांना गोष्टी सांगणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. सात ते तेरा वयाची वीसेक मुलं येतात. काही महिन्यांपूर्वी त्यांनी ग्रीक पुराणकथा सुरू केल्या आणि मुलं त्यात पार रंगून गेली. मग पर्सेफनीची गोष्ट आली. पाताळाचा राजा हेडीस तिला पळवून नेतो, हे सात वर्षांच्या मुलांपुढे कसं सांगायचं, म्हणून ताईंनी गोष्ट मवाळ केली: हेडीसला ती आवडली, त्यानं तिला राणी करून नेलं, पण तिला आईची फार आठवण यायची, म्हणून ती अर्धं वर्ष माहेरी येते. अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, 'पण तिला विचारलं होतं का त्यानं?' ताई गडबडल्या आणि म्हणाल्या, 'नंतर आवडला तिला तो.' दुसरी मुलगी लगेच म्हणाली, 'मी वाचलंय त्यात तर ती स्वतःहून जाते!' रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईनं लिहिलं की अपहरणाच्या गोष्टी लहान मुलांना कशाला. एका बाबांनी लिहिलं की आपल्या पुराणांत गोष्टी कमी आहेत का. ताई विचारतात: गोष्टी आणखी सोज्वळ करू, मूळ आहेत तशा सांगू, की हे ग्रीक प्रकरण बंदच करू?

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. बंद करू नका. शनिवारी संध्याकाळी वीस मुलं मोबाइल सोडून गोष्ट ऐकायला येऊन बसतात, हे ग्रुपवरच्या दोन मेसेजसाठी मोडायचं नसतं.

आता थोडं टोचेल असं. तुमच्या पत्रातलं अपहरण मला खटकलं नाही. खटकलं ते तुमचं वाक्य, 'नंतर आवडला तिला तो.' मुलांना जपायचं म्हणून तुम्ही ते बोललात हे कळतंय, आणि वीस जोडी डोळे आपल्यावर रोखलेले असताना कुणाच्याही तोंडून असंच काहीतरी निघालं असतं. पण त्या मुलीच्या हाती काय लागलं ते बघा. एका मुलीला न विचारता उचलून नेलं, पुढे तिला तो आवडला, म्हणजे मिटलं. आपल्याकडच्या सिनेमांनी तिला एवढं तसंही शिकवलेलं असणार. घाबरवणारी गोष्ट काढून तिच्या जागी तुम्ही जे ठेवलंत, ते जास्त घातक आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: मुलांना सांगताना तपशील हवे तेवढे गाळा, पण कुणी कुणाचं काय केलं ते फिरवू नका. देवांचा राजा झ्यूस अमक्या स्त्रीच्या मागे लागला होता, एवढं सांगून पुढे गेलात तरी चालेल. तिनं त्याला भुरळ घातली असं सांगितलंत की चाललं नाही. पहिल्यात तुम्ही गप्प राहिलात, दुसऱ्यात खोटं बोललात, आणि या दोन्हींत मुलांना फरक कळतो. पटकन नसेल कळत, पण कळतो.

पर्सेफनीच्या बाबतीत तर लपवाछपवीची गरजच नव्हती. ही गोष्ट आपल्याला सविस्तर मिळते ती डिमीटरच्या स्तोत्रात. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातलं, जवळपास 500 ओळींचं हे काव्य होमरच्या नावावर मोडतं, पण त्याचं नाही. 1777 साली मॉस्कोत त्याचं एक हस्तलिखित सापडलं म्हणून ते आज आपल्या हातात आहे. त्यात काय आहे ते जरा सावकाश सांगते, कारण तुम्हाला पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

मुलगी मैत्रिणींबरोबर कुरणात फुलं तोडत असते. तिला नार्सिससचं एक झाड दिसतं, एकाच मुळातून शंभर फुलं फुटलेलं. तो सापळा असतो, पृथ्वीनं झ्यूसच्या मर्जीनं उगवलेला. ती दोन्ही हात पुढे करते आणि जमीन दुभंगते. सोन्याचा रथ वर येतो, हेडीस तिला ओढून घेतो, ती किंचाळते आणि बापाला हाका मारते. बाप म्हणजे झ्यूस. हे लग्न त्यानंच परस्पर ठरवून दिलेलं असतं, आणि लेक हाका मारत असते तेव्हा तो लांब आपल्या देवळात भक्तांचे नैवेद्य स्वीकारत बसलेला असतो. हाक ऐकू जाते ती गुहेत बसलेल्या हेकटी देवीला. पाहिलेलं असतं ते सूर्यदेव हेलिओसनं.

आई, म्हणजे धान्याची देवी डिमीटर, हातात मशाली घेऊन नऊ दिवस वणवण फिरते. खात नाही, पीत नाही, अंगाला पाणी लावत नाही. शेवटी हेलिओस तिला खरं काय ते सांगतो आणि वर समजूतही घालतो: आता रडणं पुरे कर, हेडीस काही वाईट जावई नाही, तुझा सख्खा भाऊच आहे, जगाच्या वाटण्या झाल्या तेव्हा तिसरा हिस्सा त्याच्या वाट्याला आलेला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ओळ, पण वाचताना लग्नाच्या बैठकीत पुढाकार घेणारे कुणीतरी काका आठवतातच.

डिमीटर त्या समजुतीला भुलत नाही. देवांची संगत सोडते, म्हातारीच्या वेशात एल्यूसिस नावाच्या गावी येऊन विहिरीपाशी बसते. (अथेन्सपासून वीसेक किलोमीटरवर हे गाव आजही आहे, 2023 साली ते युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडलं गेलं होतं. मुलांना नकाशावर दाखवा.) तिथल्या राजवाड्यात इयांबे नावाची एक बाई थट्टामस्करी करून तिला कसंबसं हसवते, हा प्रसंग तुमच्या छोट्या श्रोत्यांना फार आवडेल. मग डिमीटर अडून बसते. वर्षभर शेतात दाणा उगवू देत नाही. माणसं उपाशी, देवांना नैवेद्य मिळेना, तेव्हा कुठे झ्यूस हलतो. आधी निरोप, मग एकेक करून सगळे देव मनधरणीला, आणि काही चालत नाही म्हटल्यावर देवांचा दूत हर्मीसला पाताळात पाठवतो. निघताना हेडीस पर्सेफनीला गुपचूप डाळिंबाचा एक दाणा भरवतो. पाताळातलं खाल्लं की तिथून पुरतं सुटता येत नाही.

तुमच्या त्या मुलीला जे हवं होतं ते यानंतर येतं. आई भेटल्यावर पर्सेफनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगते. सोबत कोणकोणत्या मैत्रिणी होत्या त्यांची नावं घेते. मी किंचाळले म्हणते. तो दाणा त्यानं मला बळजबरीनं खायला लावला म्हणते. म्हणजे तिला विचारलं नव्हतं, हे सांगायला त्या जुन्या कवीला संकोच वाटलेला नाही, आणि ते त्यानं तिच्याच तोंडी दिलंय. (वर्षाचा हिशेब: या स्तोत्रात ती तिसरा हिस्सा पाताळात आणि उरलेला वर असते. तुम्ही सांगितलेलं अर्धं वर्ष नंतरच्या रोमन कवीचं, ओव्हिडचं आहे. दोन्ही चालतील.)

यात सात वर्षांच्या पोराला झेपणार नाही असं काय आहे? पाताळात पुढे काय झालं याबद्दल स्तोत्र अवाक्षर काढत नाही; तुम्हीही काढू नका. एक मुलगी हरवते, ज्यांनी पाहिलं ते गप्प बसतात, आई शोधते आणि आई हटत नाही. जत्रेत किंवा मॉलमध्ये आईचा हात सुटलेल्या प्रत्येक मुलाला ही भीती ओळखीची असते. तेव्हा पुढच्या शनिवारी त्या मुलीला सरळ सांगा: 'तू विचारलंस ते बरोबर होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. मी त्या दिवशी घाईत उत्तर दिलं.' मोठं माणूस एवढं म्हणतं तेव्हा मुलं त्याला कमी लेखत नाहीत. उलट पुढच्या वेळी आणखी अवघड प्रश्न घेऊन येतात. तयारी ठेवा.

तुम्ही धरून चाललात की कुठेतरी एक अस्सल, कडक गोष्ट आहे आणि आपल्याला एकतर ती जशीच्या तशी सांगायची किंवा तिच्यात पाणी घालायचं. ग्रीकांकडे अशी एक प्रत नव्हतीच. त्यांना एक धर्मग्रंथ नव्हता. गावागणिक गोष्ट बदलायची, आणि कवी ती बदलण्यासाठीच ओळखले जायचे. ट्रॉयला निघालेलं आरमार वाऱ्याअभावी अडकतं तेव्हा ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन आपल्या मुलीचा, इफिजिनियाचा, बळी द्यायला निघतो. एका परंपरेत ती खरोखर मारली जाते. दुसऱ्या परंपरेत ऐन वेळी आर्टेमिस देवी वेदीवर हरणी ठेवते आणि मुलीला दूर घेऊन जाते. दोन्ही प्राचीन, दोन्ही अस्सल. मिडिया नावाची राजकन्या स्वतःच्या मुलांना मारते, हे आज सगळ्यांना माहीत असलेलं रूप युरिपिडीसच्या इसवी सनापूर्वी 431 मधल्या नाटकातलं. पण कॉरिंथच्या लोकांनी त्या मुलांना मारलं, अशीही कथा होती. (ते नाटक त्या वर्षीच्या स्पर्धेत तिसरं, म्हणजे शेवटचं आलं. आपल्याकडच्या नाट्यस्पर्धांत हरलेल्या मंडळींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.)

याचा तुम्हाला रोखठोक फायदा आहे. लहान मुलांसाठी पदरचं सोज्वळ रूप रचण्यापेक्षा, जुन्या रूपांतलंच त्यांना झेपेल असं रूप निवडा. मेड्यूसाचं उदाहरण घ्या. ओव्हिडच्या काव्यात ती सुंदर तरुणी असते. समुद्राचा देव अथीनाच्या देवळातच तिच्यावर बळजबरी करतो आणि देवी शिक्षा करते ती तिलाच, केसांचे साप करून. हे सात वर्षांच्या मुलांना सांगायचं नाही, बरोबर. पण म्हणून 'ती फार गर्विष्ठ होती, केसांचा तोरा मिरवायची' असं सांगायची गरज नाही. तिनं रूपात अथीनाशी बरोबरी करू पाहिली, असा उल्लेख जुन्यांतही सापडतो, नाही असं नाही. तरी बळजबरी गाळून फक्त तोरा ठेवला की शिक्षा एकदम न्याय्य वाटायला लागते, आणि ही चलाखी मुलांच्या पुस्तकांत फार दिसते. त्यापेक्षा ओव्हिडच्या सातशे वर्षं आधीच्या ग्रीक कवी हेसिअडकडे जा. तिथे मेड्यूसा गॉर्गन नावाच्या तीन राक्षसी बहिणींतली एक आहे, तिघींत मरण असलेली एकटी. तिला कुणी शाप देऊन तसं केलं, असं तिथे काही नाही. धाकट्यांना एवढं पुरे. तेरा वर्षांच्यांना ओव्हिडचं रूपही ऐकवता येईल, आणि त्यांच्यापुढे अहल्येचं नाव आपोआप निघेल: फसवलं इंद्रानं, शिळा झाली ती.

दोष फिरवण्याचा सगळ्यात वाईट नमुना मात्र अराक्नीचा. तुम्ही ती गोष्ट सांगितली असेल, बहुतेक 'गर्वाचं घर खाली' या चालीवर: एक विणकर मुलगी बढाई मारते, अथीनाशी स्पर्धा लावते, हरते, कोळी होते. ओव्हिडमध्ये ती हरत नाही हो! दोघी माग मांडून बसतात. अथीना विणते देवांचा दरबार आणि कडेच्या चार कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करणाऱ्यांच्या शिक्षा. अराक्नी विणते देवांनी बायकांना कसकसं फसवलं ते, कधी बैल होऊन, कधी हंस होऊन. काम इतकं उत्तम उतरतं की खुद्द अथीनाला त्यात खोट सापडत नाही. तेच तिला सहन होत नाही. ती कापड फाडते आणि हातातला धोटा मुलीच्या कपाळावर तीन-चारदा हाणते. अपमान असह्य होऊन मुलगी गळफास घ्यायला जाते, तेव्हा देवी तिला कोळी करते. गळफास तुम्ही खुशाल गाळा. पण अराक्नीचं विणकाम निर्दोष होतं, एवढं वाक्य गाळू नका. त्याच्याशिवाय ही गोष्ट देवीच्या बाजूची होऊन बसते.

बदल करूच नयेत असं नाही. मिडास राजानं हात लावताच त्याची लाडकी लेक सोन्याची झाली, हा सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग ओव्हिडकडे नाही. त्याच्याकडे अडते ती भाकरी आणि घशाखाली उतरताना सोनं झालेली वाइन. ती मुलगी घातली अमेरिकन लेखक नथॅनिएल हॉथॉर्ननं, 1851 साली, मुलांसाठी गोष्टी पुन्हा लिहिताना. आणि काय चपखल घातली! लोभाची किंमत मुलांना भाकरीनं जेवढी कळते त्यापेक्षा तिच्यानं जास्त कळते. त्यानं दोष हलवला नाही, गोष्टीचं म्हणणं ठसठशीत केलं. असा बदल सुचला तर जरूर करा.

स्वतःहून पाताळात जाणारी पर्सेफनी याच हिशेबानं बघा. आजकाल तरुण वाचकांसाठीच्या कितीतरी लिखाणात हेडीस एकाकी, भला माणूस असतो आणि ती त्याला निवडते. तुमच्या दुसऱ्या मुलीनं तेच वाचलंय आणि ती खोटं बोलत नाहीये. तिला 'चुकीचं वाचलंस' म्हणू नका. ती आजची गोष्ट आहे, आज कुणीतरी लिहिलेली, असं सांगा. मग दोघींना समोरासमोर बसवा आणि विचारा: आजच्या लेखकाला ही गोष्ट का बदलावीशी वाटली असेल? तिला निवड करता यावी म्हणून, की त्याला चांगला ठरवता यावं म्हणून? मला स्वतःला दुसरं कारण जास्त वेळा दिसतं, पण मुलींना तसं आधी सांगू नका.

आता त्या आईंचा मेसेज. त्यांना उत्तर देताना त्यांना हसू नका, कारण त्यांची बाजू घ्यायला ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो उभा आहे. 'रिपब्लिक' या संवादात तो नेमकी हीच कुरकूर करतो. आया आणि दाया मुलांना गोष्टी सांगून त्यांची मनं घडवतात, तेव्हा कोणत्या गोष्टी सांगायच्या यावर लक्ष हवं. झ्यूसच्या बापानं, क्रोनसनं, स्वतःच्या बापाचं काय केलं आणि मग झ्यूसनं क्रोनसचं काय केलं, हे खरं असलं तरी पोरासोरांना सांगू नये. अगदी सांगावंच लागलं तर मोजक्या लोकांना, गुप्तपणे, आणि तेही डुकराचा नव्हे तर एखाद्या महागड्या, मिळायला कठीण प्राण्याचा बळी दिल्यावर, म्हणजे ऐकणारे आपोआप कमी होतील! देव रात्री वेश पालटून हिंडतात असल्या गोष्टींनी आयांनी मुलांना भित्रं करू नये, असंही तो म्हणतो. त्याच्याही आधी झेनोफनीस या ग्रीक कवीनं तक्रार केली होती की होमर आणि हेसिअडनं चोरी, व्यभिचार, फसवणूक असं सगळं देवांच्या माथी मारलंय. म्हणजे तुमच्या ग्रुपवरचा वाद अडीच हजार वर्षं चालू आहे आणि तो वाद सुरू करणारे ग्रीकच होते.

तरी मी प्लेटोचं ऐकणार नाही. मुलांना भीती वाटते ती सांगणाऱ्याच्या आवाजामुळे आणि रेंगाळण्यामुळे. क्रोनस आपली बाळं एकामागून एक गिळतो, हे तुम्ही एका वाक्यात सांगून लगेच बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेल्या दगडाकडे गेलात तर सात वर्षांची मुलं खदखदून हसतात. एवढा मोठा देव आणि दगड गिळला तरी कळलं नाही. आपणही कंसाची गोष्ट गोकुळाष्टमीला अशीच सांगतो. देवकीची बाळं शिळेवर आपटली हे एका दमात म्हणतो आणि यमुनेच्या पुराकडे वळतो. कुठे थांबायचं आणि कुठे सटकायचं हे कंसाच्या बाबतीत आपल्याला आजीकडून मिळालंय. ग्रीक गोष्टींत ते तुम्हाला स्वतः ठरवावं लागेल, आणि ते आदल्या दिवशी घरी ठरवा, मुलांसमोर नको. गोष्ट एकदा मोठ्यानं म्हणून बघितली की तुमची जीभ कुठे अडखळते ते कळतं. बहुतेक वेळा तिथेच तुम्ही काहीतरी फिरवायला निघालेल्या असता.

बाबांच्या मेसेजचं उत्तर सोपं आहे: त्यांना एका शनिवारी गोष्ट सांगायला बोलवा. खरंच. आपल्या पुराणांत गोष्टी कमी नाहीतच, आणि सांगणारे वाढले तर कुणाचं काय बिघडलं? ते आले नाहीत तर प्रश्न मिटला, आले तर तुम्हाला एक शनिवार सुट्टी. आणि ग्रीक म्हणून त्यांना इतकं परकं वाटत असेल तर इसापही ग्रीकच, हे हळूच सांगा.

त्यांच्या तक्रारीच्या निमित्तानं एक खबरदारी मात्र तुम्हीच घ्यायला हवी. 'झ्यूस म्हणजे त्यांचा इंद्र' हा शॉर्टकट वापरू नका. वज्र आणि भानगडी जुळतात, पण मुलांच्या मनात देव म्हणजे जो चांगल्यांना सांभाळतो तो. संकटात धावून येणारा, अवतार घेणारा. तोच अर्थ डोक्यात धरून ती झ्यूसकडे बघतात आणि गोंधळतात: देव असून असं कसं वागतो? ग्रीक देव चांगले असतीलच असं कुणी सांगितलंच नव्हतं. ते बलवान असतात आणि मरत नाहीत. त्यांच्या अंगात रक्ताऐवजी आयकोर वाहतो, ते अमृतासारखं अँब्रोझिया खातात, आणि बाकी रुसवे, हेवे, सूड सगळं माणसांसारखं, फक्त त्यांचा राग झेलावा लागतो आपल्याला. माणसानं त्यांच्याशी सांभाळून राहायचं. हे पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत सांगितलंत तर 'झ्यूसला शिक्षा का नाही झाली?' या प्रश्नाला तुम्हाला सारवासारव करावी लागणार नाही. त्याला शिक्षा करायला त्याच्यापेक्षा मोठं कुणी उरलंच नव्हतं.

वयांचं म्हणाल तर, सात ते तेरा एकत्र बसवणं हाच तुमचा निम्मा त्रास आहे. पहिली पंचवीस मिनिटं सगळ्यांची ठेवा आणि मग मोठ्यांना थोडा वेळ मागे थांबवा. सगळ्यांसाठी ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणाऱ्या ओडिसिअसच्या भटकंतीतले राक्षस, इकरसचे पंख, मिडास, पंखांचा घोडा पेगॅसस, डिमीटरची शोधाशोध. मोठ्यांसाठी अराक्नी पूर्ण, मेड्यूसा दोन्ही बाजूंनी, इफिजिनिया. हर्क्युलसच्या बारा कामगिऱ्या दोघांनाही, पण त्या त्याला का कराव्या लागल्या, झ्यूसच्या बायकोनं, हेरानं, घातलेल्या वेडाच्या भरात त्यानं स्वतःचीच मुलं मारली होती, हे मोठ्यांसाठी राखून ठेवा. धाकट्यांना 'त्याच्या हातून फार मोठा गुन्हा घडला होता आणि त्याची भरपाई तो करत होता' एवढं सांगितलं तरी गोष्ट खरी राहते. नुसताच पराक्रमी म्हणून उभा केलात की खोटी होते.

राक्षस मात्र धाकट्यांपासून लपवू नका, आणि त्यांना नुसते मारायलाही ठेवू नका. एकडोळ्या पॉलिफेमसची गोष्ट सांगताना सगळे 'माझं नाव कुणीच नाही' या युक्तीवर भर देतात, आणि ती मजेदार आहेच. पण होमरनं पुढे एक छोटा प्रसंग ठेवलाय. आंधळा झालेला पॉलिफेमस गुहेच्या दारात बसून बाहेर जाणाऱ्या मेंढ्यांच्या पाठी चाचपतोय. सगळ्यात शेवटी त्याचा लाडका एडका येतो, कारण त्याच्या पोटाखाली ओडिसिअस लटकलेला आहे. पॉलिफेमस त्याला थोपवून विचारतो: तू तर रोज सगळ्यांच्या पुढे असतोस, आज मागे का राहिलास? धन्याच्या डोळ्याचं दुःख झालं का तुला? माणसं खाणारा राक्षस आहे तो, ओडिसिअसचे सोबती खाल्लेत त्यानं. हे दोन्ही सांगा आणि पुढे काही बोलू नका. तात्पर्य विचारायची आपली शाळेतली सवय इथे मोडावी लागेल. गोष्ट संपली की फळ्यावर फक्त नावं लिहा, देवनागरीत, म्हणजे पर्सेफनीचं इंग्रजी स्पेलिंग बघून मुलं तिला 'पर्सिफोन' म्हणणार नाहीत.

ग्रुपवर लांबलचक खुलासा टाकू नका. 'शनिवारी अमुक गोष्ट आहे. यात एक मृत्यू आणि एक फसवणूक येते. मुलांनी घरी प्रश्न विचारले तर उत्तर द्या, जमलं नाही तर मला पाठवा,' एवढा मेसेज शुक्रवारी टाकत जा. ज्यांना नको ते त्या दिवशी पाठवणार नाहीत.

पत्रात तुम्ही लिहिलंय की पुढची गोष्ट थीसियस हा वीर आणि मिनोटॉर हा अर्धा बैल, अर्धा माणूस असलेला राक्षस यांची आहे. मुलगा, भूलभुलैया, दोऱ्याचं गुंडाळं, सगळं रंगेल. पण तो दोरा देणारी अरिआडनी घरदार सोडून त्याच्याबरोबर निघते आणि थीसियस तिला नाक्सोस बेटावर झोपेत टाकून जातो. अनेक बालआवृत्त्या त्याआधीच गोष्ट संपवतात. तुम्ही संपवू नका. मुलं विचारतील, का सोडून गेला? ग्रीकांकडे उत्तरं बरीच होती: तो दुसरीच्या प्रेमात पडला, डायोनायसस देवानं तिला मागून घेतलं, वादळानं जहाज लोटलं. एकही धड पटत नाही. सगळी मुलांपुढे ठेवा आणि कुणाला कुठलं पटतं ते हात वर करून मोजा. माझं मत विचारू नका, मला थीसियस कधीच आवडलेला नाही.